टोक कुठलं, कोन कुठला: हिंगणघाट ते मिहान, मोजमापाचा एक इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांनी मला विचारलं, की हा इतिहासाचा विषय आहे की वर्कशॉपचा? खरं सांगायचं तर दोन्हीचा आहे. माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या क्वालिटी विभागात गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं सीएमएमवर. सीएमएम म्हणजे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रॅनाइटचं एक मोठं टेबल, त्यावर पुलासारखी सरकणारी चौकट, चौकटीतून खाली उतरणारा एक दांडा, आणि दांड्याच्या टोकाला सुईसारखा स्टायलस. स्टायलसच्या टोकावर लालचुटूक माणकाची गोळी असते, ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान. ही गोळी जॉबला स्पर्श करते आणि मशीन त्या जागेचे तीन आकडे नोंदवतं, एक्स, वाय आणि झेड. अशा अनेक स्पर्शांमधून संगणक सांगतो, की हे भोक केवढं, तो पृष्ठभाग किती सपाट, आणि दोन भोकं एका रेषेत आहेत की नाहीत.

काम सुरू करण्याआधी सॉफ्टवेअर एक यादी समोर ठेवतं. कोणतं टोक वापरायचं, आणि ते कोणत्या कोनात वळवायचं. नवीन मुलं त्यातलं काहीतरी निवडतात आणि पुढे जातात. मला आज या यादीबद्दल बोलायचं आहे. कारण ही यादी भरण्याचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी आपल्या नागपूरच्या उंबरठ्यावर एका म्हाताऱ्या माणसापुढेही होता.

तो माणूस म्हणजे विल्यम लॅम्टन. इथून वर्ध्याच्या बाजूने हिंगणघाटला गेलात तर तिथे त्याची कबर आहे. २० जानेवारी १८२३ रोजी तो तिथे वारला. हैदराबादहून नागपूरकडे येत होता. वय सत्तरीच्या आसपास. ज्या गावात पोचायचं होतं ते समोर होतं, पण पोचला नाही.

हा इथे येत होता कशासाठी? १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. त्यानंतर भोसल्यांचं राज्य नावाला राहिलं आणि कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हातात गेला. म्हणजे इंग्रजांना आता हा मुलुख मोकळा झाला होता. लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ एक पायाभूत रेषा मोजून जे काम सुरू केलं होतं, ते दक्षिणेकडून वर वर सरकत इथपर्यंत आलं होतं. १८१८ मध्ये त्या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं. मराठीत आपण महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणतो. मोजणी आणि सत्ता यांचं नातं इथे स्पष्ट दिसतं, ते विसरायचं नाही. ज्याला मुलुख सांभाळायचा असतो त्याला तो आधी मोजावा लागतो.

पण मला आज लॅम्टनची पद्धत सांगायची आहे, कारण तीच पुढे सीएमएममध्ये सापडते.

पद्धत अशी. जमिनीवर एकच रेषा प्रत्यक्ष मोजायची. मद्रासला ती साधारण साडेसात मैलांची होती. शंभर फुटी पोलादी साखळी, ती लाकडी पेट्यांमध्ये ठेवलेली, वर तंबूची सावली, आणि शेजारी थर्मामीटर. साखळी उन्हात लांबते, म्हणून प्रत्येक वेळी तापमान लिहून घ्यायचं आणि हिशेबात दुरुस्ती करायची. ही एक रेषा मिळाली की पुढे साखळीची गरज नाही. रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या डोंगराकडे पाहायचं, दोन कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की त्रिकोण सुटतो. मग नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण. अशी त्रिकोणांची माळ.

आता यात निवड कुठे आली? डोंगर निवडण्यात आली. समोर दहा टेकड्या दिसतात, त्यातल्या कोणत्या टेकडीवर जायचं? जवळची टेकडी चढायला सोपी, पण तिच्यामुळे त्रिकोण चपटा होतो. चपट्या त्रिकोणात कोनाची बारीकशी चूक बाजूच्या लांबीत खूप मोठी होते. म्हणून मोजणीदारांचा नियम होता, की त्रिकोण शक्यतो समभुज त्रिकोणाच्या जवळपास असावा, फार लहान कोन टाळावेत. त्यासाठी कधी दोन दिवसांची चाल जास्त पडायची. ज्याला मोजमाप कळतं तो दोन दिवस चालतो.

आणि काय घेऊन चालतो? थिओडोलाइट. लॅम्टनचं थिओडोलाइट लंडनच्या कॅरीने बनवलेलं होतं. त्याचं मुख्य वर्तुळ तीन फूट व्यासाचं आणि वजन अर्धा टन. भारतात येताना वाटेत ते जहाज फ्रेंचांनी पकडलं होतं, पण वैज्ञानिक उपकरण आहे म्हणून त्यांनी ते परत दिलं. १८०८ मध्ये तंजावरला आसपास डोंगर नाहीत, म्हणून हे धूड दोरांनी देवळाच्या गोपुरावर चढवत होते. दोर सुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. दुसऱ्या कोणी कंपनीला पत्र लिहून नवीन मागवलं असतं. लॅम्टन तंबूत बसला आणि सहा आठवडे खपून, पाचरी आणि स्क्रू लावून त्याने ते वर्तुळ हळूहळू ओढत पुन्हा जागेवर आणलं.

इथे माझा एक मुद्दा आहे. वर्तुळ पूर्वीसारखं अचूक झालं का? तसं होणं शक्यच नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. म्हणून मोजणीत एक शिस्त होती, की एकच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा मोजायचा. वर्तुळ थोडं फिरवायचं, पुन्हा मोजायचं. एका ठिकाणी खूण जरा डावीकडे सरकली असेल, तर दुसऱ्या ठिकाणी ती उजवीकडे असेल. सरासरीत दोष बराचसा कटतो. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही शिस्त आणखी कडक केली. यंत्र निर्दोष नाही हे आधी कबूल करायचं, आणि मग त्या दोषाचा हिशेब ठेवायचा.

आणि शेवटी ताळा. काही अंतरावर जाऊन जमिनीवर पुन्हा एक रेषा साखळीने मोजायची आणि त्रिकोणांतून आलेल्या लांबीशी ताडून बघायची. मद्रासहून निघालेले त्रिकोण १८०४ मध्ये बंगलोरला पोचले, तेव्हा सात मैलांच्या रेषेत फरक आला चार इंचांच्या आत. तो फरक त्यांनी लिहून ठेवला. आजही आपण तो वाचू शकतो.

या कामात एक आपला माणूसही होता, त्याचं नाव घ्यायला हवं. सय्यद मीर मोहसीन हुसेन, अर्काटचा. दागिने-घड्याळांच्या बारीक कामातून आलेला कारागीर. त्याचा हात ओळखून त्याला उपकरणं दुरुस्त करायला ठेवलं गेलं. आधी या जागेवर हेन्री बॅरो नावाचा इंग्रज यंत्रकार होता. तो गेल्यावर १८४३ मध्ये ते पद मोहसीन हुसेनला मिळालं. हिशेब करणारा राधानाथ सिकदार आपल्याला माहीत असतो, कारण एव्हरेस्ट शिखराच्या उंचीशी त्याचं नाव जोडलं गेलं. सिकदारच्या हुद्द्याचं नाव होतं कम्प्युटर. तेव्हा कम्प्युटर हे माणसाचं पद होतं. पण डोंगरावर झेंडा धरून उभे राहणारे खलाशी, रात्री दिवे लावणारे, हिवतापाने मेलेले, त्यांची नावं बहुतेक राहिली नाहीत. हा भाग मी मुद्दाम सांगतोय. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता आपण दीडशे वर्षं पुढे येऊ.

१९५० च्या दशकाच्या शेवटी स्कॉटलंडमध्ये फेरांटी कंपनीने पहिलं कोऑर्डिनेट मशीन बनवलं. त्याच्या टोकाला निमुळता, कडक धातूचा खुंटा असायचा. ऑपरेटर हाताने तो भोकात दाबायचा आणि आकडा वाचायचा. कोणाचा हात जड, कोणाचा हलका. जड हाताने दाबलं की आकडा बदलायचा. म्हणजे मशीन मायक्रॉनचं आणि हात मात्र माणसाचा.

हा पेच सुटला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तोही एका विमानामुळे. काँकॉर्डसाठी ऑलिंपस इंजिन बनत होतं. त्यातल्या बारीक इंधननळ्या मोजायच्या होत्या, आणि कडक टोक लावलं की नळीच वाकायची. रोल्स-रॉइसमधल्या डेव्हिड मॅकमर्ट्री या इंजिनिअरने स्पर्श ओळखणारा प्रोब बनवला. त्याची रचना ऐका, कारण ती फार साधी आहे. स्टायलसच्या वरच्या टोकाला तीन आडव्या काड्या. प्रत्येक काडी दोन गोळ्यांच्या खाचेत बसलेली. तीन काड्या, सहा स्पर्शबिंदू. त्यातून विजेचा बारीक प्रवाह जातो. वरून एक हलकी स्प्रिंग. गोळी जॉबला टेकली की काडी किंचित उचलते, प्रवाह बदलतो, आणि त्याच क्षणी मशीन आपले आकडे पकडतं. दाब जवळपास नाहीच. गोळी सुटली की काड्या पुन्हा नेमक्या त्याच जागी बसतात. या शोधावर १९७३ मध्ये रेनिशॉ कंपनी उभी राहिली.

पण तीन काड्या म्हटलं की तीन दिशा आल्या. तीन पायांच्या तिवईला एका बाजूने ढकललं तर ती पटकन कलते, दुसऱ्या बाजूने जरा जोर लागतो. प्रोबचंही तसंच. कोणत्या दिशेने स्पर्श केला यावर तो किती लवकर बोलतो हे ठरतं. फरक मायक्रॉनचा असतो, पण असतो. म्हणजे पुन्हा लॅम्टनचं वर्तुळ आलं. यंत्राचा दोष दिशेवर अवलंबून आहे, मग त्याचा हिशेब ठेवायला हवा.

तो हिशेब ठेवण्यासाठी टेबलावर एक गोळा असतो, कॅलिब्रेशन स्फिअर. त्याचा व्यास आधीच प्रमाणित असतो. प्रोबने त्या गोळ्याला सगळीकडून स्पर्श करायचा. समजा डोळे मिटून एका बोटाने संत्रं चाचपलं. संत्र्याचा आकार आधीच माहीत असेल, तर चाचपण्यातून संत्र्यापेक्षा आपल्या बोटाचीच माहिती जास्त मिळते. तसंच हे. गोळा ज्ञात आहे, म्हणून जो फरक येतो तो स्टायलसचा. त्यातून सॉफ्टवेअर गोळीचा प्रभावी व्यास काढतं, आणि तो खऱ्या व्यासापेक्षा किंचित कमी येतो, कारण दांडी वाकते आणि प्रोब जरासा उशिरा बोलतो. आयएसओ १०३६० या मानकातही प्रोबची परीक्षा अशीच घेतात, गोळ्यावर पंचवीस बिंदू घेऊन.

पुढे १९८० च्या दशकात मोटारीने वळणारी डोकी आली. आपल्याकडे जास्त दिसणारं डोकं उभ्या पातळीत शून्य ते १०५ अंश वळतं आणि आडव्या पातळीत पूर्ण फिरतं, दोन्हीकडे साडेसात अंशांच्या टप्प्याने. पंधरा गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे सातशेवीस स्थिती. सॉफ्टवेअरच्या यादीत टी१, ए९०, बी१८० असं जे दिसतं ते हेच. पहिलं टोक, नव्वद अंश वर, एकशे ऐंशी अंश फिरवलेलं.

सातशेवीस पर्याय हातात आले की माणसाला वाटतं, वापरा. इथेच जुन्या मोजणीदाराची आठवण ठेवायची. मी माझ्या मुलांना चार गोष्टी सांगायचो.

पहिली, गोळी जॉबमध्ये मावेल तेवढी मोठी घ्या. मोठी गोळी पृष्ठभागाच्या खरखरीतपणावरून तरंगते, आणि तिच्यामागे दांडीला मोकळी जागा राहते. लहान गोळी फक्त लहान भोकासाठी.

दुसरी, दांडी आखूड आणि जाड, जोड कमीत कमी. लांब दांडीला एक्स्टेंशन आणि त्याला आणखी एक्स्टेंशन, म्हणजे मापण्याऐवजी मासे पकडायची गळकाठी झाली. आणि दांडी भोकाच्या कडेला लागली तर मशीनला ते कळत नाही. त्याला वाटतं गोळीच लागली.

तिसरी, पृष्ठभागाला काटकोनात जा. मशीन गोळीच्या मध्याचा आकडा नोंदवतं आणि त्यातून त्रिज्या वजा करतं, पण कोणत्या दिशेने वजा करायची ते तुम्ही सांगितलेलं असतं. चार मिलिमीटरची गोळी घेतली आणि दिशा दहा अंशांनी चुकली, तर एकतीस मायक्रॉनची चूक तिथेच होते. जॉब बिचारा ठीक असतो.

चौथी, कोन कमीत कमी. प्रत्येक नवीन कोन म्हणजे नवीन टेकडी. तिथून जे दिसतं ते आधीच्या टेकडीशी जुळवावं लागतं आणि जुळवताना थोडी चूक येतेच. ज्या दोन गोष्टींचं परस्परांशी नातं मोजायचं आहे, त्या शक्यतो एकाच टोकाने, एकाच कोनातून मोजा.

ही चौथी गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. ती गोष्ट आता सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात होतो. एक कास्टिंगचं हाउसिंग होतं, त्याला समोरासमोरच्या दोन बाजूंनी बोअर. दोन्ही बोअर एका रेषेत हवे. आरपार पोचेल इतका लांब स्टायलस नव्हता, म्हणून एक बोअर डावीकडून मोजायचा आणि डोकं वळवून दुसरा उजवीकडून. एका कोनाचं कॅलिब्रेशन सकाळी झालं होतं. दुसरा कोन दुपारी जोडला. सॉफ्टवेअरने विचारलं, गोळा हलला आहे का? उत्तर दिलं, नाही.

त्या दिवसापासून जॉब रिजेक्ट व्हायला लागले. दोन बोअरमध्ये साठ मायक्रॉनचा सरक. प्रत्येक जॉबमध्ये तेवढाच आणि त्याच दिशेला. बोरिंग मशीनवर एक जुने कारागीर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. काका म्हणाले, "साहेब, माझं मशीन सरकलेलं नाही. मी डायल लावून पाहिलंय." कोणी ऐकलं नाही. सीएमएमचा छापील रिपोर्ट एकीकडे आणि काकांचा डायल दुसरीकडे. त्यांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. आठ दिवस ते खोके बांधत होते.

आठव्या दिवशी मी सहज म्हणून तोच कॅलिब्रेशनचा गोळा दोन्ही कोनांतून मोजला. गोळा एकच, तर मध्य एकच यायला हवा. दोन मध्यांत साठ मायक्रॉनचं अंतर आलं. दुपारी टेबल पुसताना गोळ्याला धक्का लागला होता. डोळ्याला दिसणार नाही इतका तो सरकला होता. कॅलिब्रेशनच्या रिपोर्टमध्ये मात्र सगळं छान होतं, कारण गोळ्याचा व्यास बरोबर होता, गोलाई बरोबर होती, फक्त जागा चुकली होती. आणि "नाही" हे बटण मी दाबलं होतं.

मी काकांकडे गेलो. माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं, मशीनवरच बोलले. नाही तर माणसावर बोलले असते." मला ते आजही नीट कळलंय असं वाटत नाही, पण विसरता येत नाही.

आता सांगा, लॅम्टनने काय केलं असतं? पुन्हा पायाभूत रेषा मोजली असती. ताळा घेतला असता. मी तो आठ दिवस घेतला नाही, कारण माझ्यासमोर छापील कागद होता आणि काकांसमोर नव्हता. यंत्राचं ऐकायचं आणि माणसाचं नाही, ही सवय त्या सर्व्हेच्या काळातलीच आहे. आकडे राहिले, खलाशांची नावं गेली.

नागपूरसाठी ही गोष्ट आता जुनी राहिलेली नाही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत बारीक मापाचं काम कितीतरी वर्षं चालू आहे. मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या मजल्याच्या तुळया बनल्या, फाल्कन विमानाचे भाग बनतात. विमानाचा भाग जगात कुठेही जुळला पाहिजे. इथे आपली एक खास अडचण आहे, ती म्हणजे ऊन. लांबीची सगळी मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात. आपला मे महिना पंचेचाळीसला जातो. मीटरभर ॲल्युमिनियम एका अंशाला साधारण तेवीस मायक्रॉन वाढतं, पोलाद त्याच्या निम्मं. जॉब शेडमधून आणून लगेच एसी खोलीतल्या टेबलावर ठेवला, तर तुम्ही जॉबसोबत नागपूरचा उन्हाळा मोजताय. लॅम्टनने साखळीवर तंबू धरला होता. आपण जॉबला काही तास खोलीत थांबू देतो. कारण तेच.

शेवटी आपल्या झिरो माईलबद्दल. चार घोडे आणि दगडी खांब. आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, हा भारताचा मध्य. पण तिथली खूण नीट पाहिलीत तर ती जीटीएसची, १९०७ ची, स्टँडर्ड बेंचमार्कची आहे. बेंचमार्क म्हणजे उंचीचा आधार, समुद्रसपाटीपासून आपण किती वर आहोत याचा. नागपूर साधारण तीनशेदहा मीटर वर आहे. मध्य असण्याची गोष्ट आपल्याला आवडते, पण त्या दगडाचं काम वेगळं होतं. कोणीही यावं, आपलं माप त्याच्याशी ताडून पाहावं, आणि फरक आला तर लिहून ठेवावा. सीएमएमच्या टेबलावरचा तो गोळा हेच काम करतो.

म्हणून सॉफ्टवेअरची यादी समोर आली की घाईने टोक निवडू नका. कोणती टेकडी, का, आणि तिचा ताळा कसा घेणार, हे आधी ठरवा. आणि शेजारी डायल घेऊन कोणी काका उभे असतील, तर आधी गोळा पुन्हा मोजा आणि मग रिपोर्ट छापा.

जमलं तर एखाद्या रविवारी हिंगणघाटला जाऊन या. कबर फार मोठी नाही. थोडं शोधावं लागतं.